दिलेला पाय

मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. पंचविशीची असेल, हाडानं बारीक. तिनं मामांची टाच तळहातावर घेतली, दुसरा हात गुडघ्याखाली सरकवला आणि म्हणाली, "आजोबा, पाय सैल सोडा. वाकवायचं काम माझं. तुम्ही जोर लावू नका." मामा म्हणाले, "सोडलाय की." पाय सोडलेला नव्हता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दोन दिवस पोटात धड अन्न नसताना त्या मांडीत असा पीळ आला होता की मुलीचा हात थरथरायला लागला. तिनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मामांनी मान हलवली, श्वास सोडला, आणि तिच्या हाताचा जरा दाब आला की मांडी पुन्हा लाकडासारखी. त्यांनाही ते कळत नसावं. शेवटी "संध्याकाळी बघू" म्हणून ती गेली आणि मामा छताकडे बघत पडून राहिले.

मी खुर्चीत मोबाईल घेऊन बसले. कुठे ताटकळत बसायचं असलं की मी १९९७ सालच्या कुस्त्या लावते, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या. फार जुनी सवय आहे ही. त्या दिवशी आवाज बंद करून मॉन्ट्रियलची लावली होती. "काय बघालीयास?" म्हणत मामांनी हात पुढे केला. जन्मात त्यांनी या प्रकाराला कुस्ती म्हटलेलं नाही, पण त्या खोलीत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. फोन हातभर लांब धरून ते बघत राहिले. पडद्यावर शॉन मायकल्स ब्रेट हार्टच्या पायांची घडी घालत होता. मामा म्हणाले, "ह्यो पाय द्यायलाय बघ."

मी वाकून पाहिलं. ही कुस्ती मी शंभरदा तरी पाहिली असेल, पण ते मला कधी दिसलं नव्हतं. उताणा पडलेला ब्रेट खरोखरच पाय देत होता. शार्पशूटर हा डाव त्याचा स्वतःचा. समोरच्याच्या दोन पायांत आपला पाय घालायचा, त्याचे पाय एकमेकांवर चढवून बगलेत धरायचे आणि त्याला पालथा घालून पाठीवर बसायचं. खालचा माणूस झटापट करत असेल तर ही घडी बसणं अवघड. ती बसावी म्हणून ब्रेटनं पाय ढिले ठेवले होते. पुढच्या काही क्षणांत घंटा वाजली, ब्रेट उठला, दोरांच्या बाहेर उभ्या असलेल्या कंपनीच्या मालकाच्या तोंडावर थुंकला. "थुकला का?" मामांनी विचारलं. ठरलं एक होतं आणि केलं भलतंच, एवढं मी थोडक्यात सांगितलं. मामांनी फोन परत दिला. बाहेर जेवणाची ढकलगाडी खडखडत गेली, पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला खोकल्याची उबळ येऊन गेली, आणि मग भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "दिलेला पाय वढला म्हण की त्येनं."

हे वाक्य त्यानंतर माझा पिच्छा सोडेना.

१९९७ साली मी सहावीत होते, इचलकरंजीत. आमच्या गल्लीत दिवसरात्र माग चालायचे, धाड-धाड असा एकसुरी आवाज. तो बंद पडला की लाईट गेली हे कळायचं. टीव्हीचा आवाज मागांच्या वर चढवावा लागे आणि तरी इंग्रजी समालोचनातलं आम्हाला काही कळत नसे. गरजही नव्हती. कोण चांगला, कोण वाईट, कोणाला लागलं, कोण ढोंग करतोय, हे चेहऱ्यावरून कळायचं. मला ब्रेट हार्ट आवडायचा. गुलाबी आणि काळा पोशाख, ओले केस, आणि आखाड्यात चढण्याआधी तो डोळ्यांवरचा आरशासारखा चष्मा काढून पहिल्या रांगेतल्या एखाद्या पोराला घालायचा. तो चष्मा मला हवा होता. चुलतभावांच्या मते तो मिळमिळीत होता, त्याच्यात अंडरटेकरसारखा दरारा नव्हता. मला मात्र त्याचं नीट काम करणं आवडायचं. प्रत्येक डाव कसा स्वच्छ, जिथल्या तिथे. आई भाकरी थापायची तसा.

सुट्टीत मामांच्या गावी गेलं की ते म्हणायचे, "नुरा हाय ती. खोटी." नुरा हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. मामा तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीत राहिलेले. खासबाग मैदानाचं नाव काढताना ते अजून आवाज खाली आणतात, देवळाबद्दल बोलावं तसा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते गोल मैदान, मधे हौदा, चहूबाजूंनी वर चढत गेलेल्या बैठका, कुठेही बसलं तरी पैलवानांची पावलं दिसावीत अशी रचना. मामा तिथे मोठ्या जोडीत कधी लढले नाहीत, पण जत्रेच्या मैदानांत त्यांना नाव होतं. गावातल्या तालमीत दुधाची कासंडी पोचवायला मी जायची ती उंबऱ्यापर्यंतच. आत मुलींनी जायचं नाही. उंबऱ्याशी उभं राहिलं की आतून हळद, तेल, ताक मुरवलेल्या लाल मातीचा थंड वास यायचा, मांडीवर मारलेल्या शड्डूचे आवाज यायचे, दिसायचं काही नाही. पाहायला मिळाली ती कुस्ती टीव्हीवरची. ती खोटी आहे हे मामांनी सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण बघणं थांबलं नाही. जी मला उंबऱ्याच्या आत घेत होती ती तीच एक.

खूप पुढे वाचनात आलं की ब्रेटच्या घरीही तालीम होती. त्याचे वडील स्टू हार्ट १९४० सालचे कॅनडाचे हौशी कुस्तीतले विजेते, खरी कुस्ती हाडीमाशी मुरलेले. कॅल्गरीतल्या त्यांच्या घराच्या तळघरात पोरांना आणि शिकायला आलेल्या पैलवानांना ते असे पिळून काढायचे की वरच्या मजल्यावर ओरडणं ऐकू जायचं. त्या तळघराला अंधारकोठडी असंच नाव पडलं होतं. बारा मुलं. आठही मुलगे या धंद्यात आले, चारही मुलींची लग्नं पैलवानांशी झाली. आधी खरं दुखणं काय असतं ते शिकायचं आणि मग दुसऱ्याला न दुखवता ते दाखवायचं, असं ते घर. समोरच्याचं अंग आपल्या हातात आलं की ते जपायचं. ब्रेटला आयुष्यभर अभिमान होता तो याचा, की माझ्या हातून कुणी जायबंदी झाला नाही.

त्या वर्षाकडे आता पाहिलं की ते सगळं वर्षच मला एकमेकांना दिलेल्या अंगांचं वाटतं. २३ मार्चला, रेसलमेनिया १३ मध्ये, शिकागोजवळ रोझमाँटला ब्रेट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची गाठ पडली. कुस्ती सुरू होताना ब्रेट चांगला होता आणि ऑस्टिन वाईट. वीसेक मिनिटांनी दोघांनी जागा बदलल्या होत्या. शार्पशूटरमध्ये सापडलेला ऑस्टिन हार मानेना. कपाळातून निघालेलं रक्त नाकावरून, दातांमधून वाहत होतं, तोंड उघडून तो किंचाळत होता, मान वर काढत होता, आणि शेवटी शुद्ध हरपून पडला, पण मानली म्हणाला नाही. पंच होता केन शॅमरॉक, त्यानं कुस्ती सोडवली तरी ब्रेट बेशुद्ध माणसाला मारत राहिला. लोक उठून ऑस्टिनच्या नावानं ओरडायला लागले. आमच्याकडे ती कधी तरी उशिरा, तुकड्यातुकड्यांनी दिसली. मला आठवतं, माझ्या ताटातला भात गार झाला होता आणि मी ब्रेटवर रागावले होते, सख्ख्या माणसावर रागवावं तशी. ते रक्त खरं होतं. ठरलेलं होतं फक्त कोण जिंकणार ते.

मग जुलै. कॅल्गरीचं सॅडलडोम, ६ तारीख. अमेरिकेत शिव्या खाणारा ब्रेट आपल्या गावात देव होता. एका बाजूला तो, धाकटा भाऊ ओवेन, मेहुणे ब्रिटिश बुलडॉग आणि जिम नाइडहार्ट, आणि मित्र ब्रायन पिलमन. समोर ऑस्टिन आणि त्याचे चौघे. अमेरिकेतले वाईट इथले चांगले, तिथला लाडका ऑस्टिन इथे खलनायक. ओवेननं ऑस्टिनला चीत केलं आणि सगळं हार्ट कुटुंब आखाड्यात चढलं, म्हातारे स्टू, आई हेलन, नातवंडं, लेकी, जावई. आमच्या गावच्या यात्रेत पालखीला सगळ्या भावक्या एकत्र येतात तसं ते दिसतं. हे दृश्य मी मुद्दाम अधूनमधून बघते आणि फार वेळ बघवत नाही, कारण त्या आखाड्यातल्यांपैकी पुढे कोणाचं काय झालं ते मला पाठ आहे. पिलमन तर तीन महिन्यांत गेला. ५ ऑक्टोबरला सेंट लुईसच्या मैदानात लोक त्याची वाट बघत होते आणि तो मिनेसोटातल्या एका मोटेलच्या खोलीत मरून पडलेला सापडला. पस्तीस वर्षांचा होता. त्याच रात्री तिथे 'हेल इन अ सेल' नावाच्या पिंजऱ्यातली पहिली कुस्ती झाली, मुखवटेवाला केन पहिल्यांदा आला. पोरांना आठवतो तो केन.

पण मला थांबायचं आहे ते ३ ऑगस्टपाशी. न्यू जर्सीतलं समरस्लॅम. ओवेन हार्टनं ऑस्टिनला उलटा धरला, डोकं खाली, आणि बसला. वरच्या माणसानं खालच्याचं डोकं आपल्या मांड्यांच्या वर राखायचं असतं, म्हणजे जमिनीला मांड्या लागतात आणि डोकं अधांतरी राहतं. ऑस्टिनचं डोकं बोटभर खाली राहिलं. मान दबली आणि त्याचे हातपाय गेले. तो तसाच पडून राहिला. आता ओवेन काय करतो ते नीट पाहावं. तो लोकांकडे वळतो, हात पसरून त्यांना डिवचतो, मिरवतो. पाहणाऱ्याला वाटतं, घमेंड चाललीय. तो वेळ काढत असतो. पुन्हा पुन्हा खाली पडलेल्याकडे त्याचे डोळे जातात. ऑस्टिनच्या अंगात जरा धुगधुगी येते, कोपरांवर सरपटत तो मागून येतो आणि ओवेनच्या पायांना हात घालतो. त्या हातांत पोराचंसुद्धा बळ नाही. ओवेन त्या हातांवर आडवा होतो, आपणहून पाठ टेकतो, आणि तीन मोजेपर्यंत हलत नाही. ऑस्टिननं जिंकायचं ठरलं होतं. ठरलं होतं ते ओवेननं पुरं करून दिलं. इतका भयंकर अपघात त्याच्याच हातून झाला, आणि तरी त्या शेवटच्या क्षणांत त्यानं जे केलं त्याच्याइतकं प्रामाणिक मी खऱ्या कुस्तीतही क्वचित पाहिलंय. पुढे १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीच्या मैदानात छतावरून दोरीनं उतरताना ओवेन पडला आणि गेला. ते कळलं तेव्हा मी आठवीत होते. शाळेतून आल्यावर भावानं सांगितलं, आणि मी म्हणाले, ते खोटं असेल.

तर नोव्हेंबर.

९ तारीख, मॉन्ट्रियल, वीस हजारांचं मैदान. ब्रेटनं आदल्या वर्षी वीस वर्षांचा करार केला होता. मालक व्हिन्स मॅकमहनलाच तो परवडेना आणि त्यानंच सांगितलं, समोरच्या कंपनीकडून, डब्ल्यूसीडब्ल्यूकडून, येणारा पैसा घे. ब्रेट तयार झाला. विजेतेपदाचा पट्टा मात्र अजून त्याच्या कमरेला होता. मॉन्ट्रियलमध्ये, आपल्या देशात, मायकल्ससमोर मी पडणार नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या तीस दिवसांत आपलं काय दाखवायचं यात त्याला बोलायचा हक्क करारातच लिहून दिलेला. मग ठरलं की गोंधळात कुस्ती निकालाविना सुटेल आणि नंतर ब्रेट पट्टा आपणहून परत करील. पंच अर्ल हेबनरनं आपल्या मुलांची शपथ घेतली होती, असं ब्रेट सांगतो. ठरल्याप्रमाणे मायकल्स शार्पशूटर लावणार होता आणि ब्रेट तो उलटवणार होता. म्हणून ब्रेटनं पाय दिले. मायकल्सनं घडी बसवली तशी हेबनरनं खूण केली, बाहेर उभा असलेला व्हिन्स घंटावाल्यावर ओरडला, घंटा वाजली. तोवर ब्रेटचा हात मागे जाऊन मायकल्सचा पाय शोधत होता. तो डाव उलटवत होता, संपलेल्या कुस्तीतला.

सहावीत असताना मला हे कळलं तेव्हा जगात फक्त दोन माणसं दुष्ट होती, व्हिन्स आणि मायकल्स. आता चाळिशीला टेकल्यावर तेवढं सोपं राहिलेलं नाही. व्हिन्सलाही धास्ती होती. १९९५ च्या डिसेंबरमध्ये त्याची महिला विजेती मडुसा समोरच्या कंपनीत गेली होती आणि टीव्हीवर सगळ्यांदेखत तिनं त्याचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. आणि ब्रेटचा हट्ट? ठरवून पडायचं असतं त्या धंद्यात कुठे पडायचं नाही याचा एवढा अभिमान धरावा का, हा प्रश्न मला पडतो. कधी वाटतं, त्यानं पडून मोकळं व्हायला हवं होतं. मग ते ढिले पाय आठवतात आणि वाटतं, नाही. बोलणी व्हायची ती खोलीत व्हावीत, भांडणं तिथे व्हावीत. एकदा माणसानं अंग हातात दिलं की ते जपायचंच. त्यात व्यवहार आणायचा नाही.

एक मात्र होतं, ब्रेटला ओरडता आलं. तो थुंकला, हवेत बोटानं समोरच्या कंपनीची अक्षरं काढली, कडेचे टीव्ही फोडले, आत जाऊन व्हिन्सला ठोसा लगावला. त्याच्यावर माहितीपट करणारे लोक त्या दिवसांत कॅमेरा घेऊन बरोबर होते, व्हिन्सशी झालेलं बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं होतं. सगळ्या जगाला कळलं. मला ते इतकी वर्षं साहजिक वाटत आलं होतं. नुरा कुस्तीत फसवलेल्या माणसाला सहसा तोंडच नसतं, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं.

चौथ्या रात्री मामांना झोप येत नव्हती. मी दिवा मालवला होता, दाराखालून कॉरिडॉरचा उजेड येत होता. त्यांनी आपणहून सुरुवात केली. एका जत्रेतली गोष्ट, गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. जोड नेमली होती. आठवड्यानं दोघांनाही मोठ्या मैदानात उतरायचं होतं, कुणालाच दुखापत नको होती. दोघांच्या ओळखीचा एक माणूस मधे पडला आणि ठरलं, पंधरा मिनिटं खडाखडी करायची, दोनचार पट काढायचे, सोडायचे, आणि कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम वाटून घ्यायचं. हलगी कडाडत होती. तसं दहाबारा मिनिटं चाललं. मग समोरच्यानं एकेरी पटाला, म्हणजे एका पायाला, हात घातला आणि मामांनी पाय दिला. "म्हटलं, सोडंल." त्यानं सोडला नाही. ओढला, वर उचलला आणि घिस्सा मारला. "पाठ लागली तवा वर आभाळ दिसलं. लई निळं हुतं." एवढं बोलून ते थांबले.

"वस्तादांना सांगितलंत?"

"काय सांगू? ठरलं हुतं म्हणून सांगू?"

नंतर बराच वेळ मला काही सुचलं नाही. "खोटी हाय ती" म्हणणाऱ्या मामांचा सुट्टीतला आवाज कानात येत राहिला. त्यांच्याबद्दल कमी वाटलं असं नाही, पण लहानपणी त्या उंबऱ्याच्या आत मी मनानं जे काही उभं केलं होतं त्यातलं एक लाकूड हललं, आणि ते हललेलं मला नको होतं. मामींनाही हे माहीत नसणार. पन्नासेक वर्षं त्यांनी ते एकट्यानं सांभाळलं आणि माझ्या फोनवर गुलाबी कपड्यातला एक परका माणूस पाय देताना दिसला म्हणून ते बाहेर आलं. कुठला गुडघा होता, तेही मी विचारलं नाही.

मग त्यांनीच विचारलं, "त्यो तुझा, परत बोलला का त्येच्यासंगं?"

बोलला, म्हटलं. बारा वर्षांनी. २०१० च्या जानेवारीत ब्रेट परत आला, मायकल्ससमोर उभा राहिला, लोकांसमोरच दोघांनी सगळं बोलून घेतलं, हात मिळवले, मिठी मारली. मधल्या काळात ब्रेटच्या डोक्याला मार बसून त्याची कुस्ती संपली होती, पक्षाघात होऊन गेला होता, आईवडील गेले होते, ओवेन गेला होता. मिठी मारताना दोघं कसे बिचकत होते तेही मी सांगितलं. मामा ऐकत होते. "बारा वर्सं," एवढंच म्हणाले. त्यांच्या माणसाचं काय झालं, तो आहे की नाही, हे त्या अंधारात तसंच राहिलं.

दहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. त्या मुलीनं मला सगळं शिकवून पाठवलं होतं, सकाळ-संध्याकाळ दहादा वाकवायचा, घाई करायची नाही, श्वास सोडताना न्यायचा. संध्याकाळी सोप्यात सतरंजी घातली. मामी भाकऱ्या करत होत्या, चुलीचा धूर सोप्यात येत होता. मी मांडी घालून मामांच्या पायाशी बसले आणि टाच तळहातावर घेतली. टाच खरबरीत, जड. टाके काढलेली रेघ अजून तांबडी होती. दुसरा हात गुडघ्याखाली घातला तशी मांडी ताठ झाली. मी काही बोलले नाही, हातही हलवला नाही, तशीच धरून बसले. मामींनी दोन भाकऱ्या उलटल्या असतील. मग हळूहळू तळहातावरचं वजन वाढायला लागलं, वाढतच गेलं, अख्खा पाय माझ्या हातात आला.

"धर," मामा म्हणाले. "सोडलाय."